घरात अभ्यास चालू आहे

सुकेशिनी बनसोडेला जर्मन बोलायची भीती नव्हती, लिहायची तर मुळीच नव्हती. तिची पाचावर धारण बसायची ती ऐकायच्या पेपरला. कानाला हेडफोन लावायचे, आत कुणीतरी जर्मन बाई घडाघडा बोलत सुटणार, आणि ती थांबली की उत्तरांवर खुणा करायच्या. पहिल्याच वाक्यातला एखादा शब्द निसटला की सुकेशिनी त्याच्या मागे धावायची, तोवर पुढची चार वाक्यं निघून गेलेली असायची. दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा याच पेपरला आपटली.

मिरजेतल्या एका मोठ्या इस्पितळात ती अतिदक्षता विभागात नर्स होती. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाने तिची जागा राखून ठेवली होती, पण आता तिसऱ्यांदा नापास झाली तर ती जागा दुसरीला जाणार होती. कुणी म्हणेल, बोलणं भाषांतरित करणारी यंत्रं आता पानपट्टीवरसुद्धा मिळतात, मग एवढा आटापिटा कशाला? तर तिकडे नवा नियम झाला होता. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी यंत्र नको, माणसाचाच कान हवा. नियम चांगलाच होता म्हणा, पण सुकेशिनीच्या मुळावर आला होता.

सांगलीला परचुरे बाईंचा जर्मनचा क्लास होता. बाई ऐकण्याच्या युक्त्या शिकवायच्या. "प्रत्येक शब्दाच्या मागे लागू नका. आधी ठरवा, हा माणूस काय बोलण्याची शक्यता आहे. मग सूर पकडा, चेहरा दिसत असेल तर चेहरा पकडा, दोन-चार मुद्द्याचे शब्द पकडा आणि मधलं अंदाजाने भरा. सुटलं ते सुटलं. मागे वळून बघायचं नाही." सुकेशिनीने हे सगळं पाठ केलं, आणि तरी कान काही ऐकेना. तेव्हा बाईंनी तिला पट्टी दिली.

पट्टी म्हणजे कानामागे बसणारी, नखाएवढ्या जाडीची रबरी चकती. तिचं काम समजायला सोपं आहे. तान्ह्या बाळाचा मेंदू जगातल्या सगळ्या भाषांचे आवाज वेगवेगळे ओळखू शकतो. त्याची सगळी दारं उघडी असतात. पण वर्षभरात तो बघतो की घरात तर एकच भाषा चालते, मग उरलेली दारं तो लावून घेतो, उगीच वारा कशाला आत घ्यायचा. मोठेपणी परकी भाषा शिकताना आपण त्या बंद दारांवर धडका देत असतो.

कानाच्या पाळीजवळून एक मज्जातंतू थेट मेंदूच्या बुंध्याकडे जातो. पट्टी त्याला विजेच्या बारीक टिचक्या मारते, आणि त्या टिचक्यांनी मेंदूत असं रसायन सुटतं की ज्याचा अर्थ, आता कानावर पडतंय ते महत्त्वाचं आहे, जपून ठेव. दारं पुन्हा उघडतात. पट्टी काढली तरी बराच काळ ती उघडी राहतात. त्या काळात जे ऐकू येईल ते घरचं, आणि जे ऐकू येणार नाही ते परकं, असा हिशेब मेंदू नव्याने मांडतो.

म्हणूनच बाईंनी बजावलं होतं, "दिवसातून दोन तास पट्टी लावायची, जास्त नाही. आणि संध्याकाळी घरच्यांशी मराठीत भरपूर गप्पा मारायच्या. हा अभ्यासच समजा." क्लासमध्ये सगळे हसले. गप्पा मारायला काय सांगावं लागतं होय?

पण सुकेशिनीच्या घरी ते सांगायला हवं होतं.

तिची सासू, जिला ती आत्या म्हणायची, हिने दोन मुलांच्या दहावी-बारावी काढल्या होत्या. अभ्यास म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. अभ्यास म्हणजे घर चिडीचूप. टीव्हीवर चादर पडली. दारावरची घंटा काढून ठेवली गेली. शेजारच्या बायकांना परस्पर सांगून झालं, "घरात अभ्यास चालू आहे, महिनाभर येऊ नका बायांनो." सुकेशिनीने इस्पितळातून रजा काढली होती, त्यामुळे वॉर्डातला कलकलाटही सुटला. नवरा प्रबोध कामावरून आला की चपला हातात घेऊन आत यायचा. आत्या चहाचा कप टेबलावर ठेवून, बोटाने खूण करून निघून जायची. आटपाडीकडच्या गावात सुकेशिनीची आई एकटी राहायची. तिलाही प्रबोधने निरोप दिला, परीक्षा होईपर्यंत फोन करू नका. ती माउली म्हणाली, "न्हाई करायची."

सगळ्यांनी मायेनेच केलं. आणि सुकेशिनीनेही आपल्या परीने भर घातली. दोन तासांत एवढा फरक, तर दिवसभर लावली तर किती, असा तिने विचार केला. औषधाचा डोस आपल्या मनाने वाढवू नका, हे रोग्यांना रोज सांगणारी बाई, पण स्वतःच्या बाबतीत अक्कल गहाण टाकली.

गुण मात्र आला. आठवड्याभरात जर्मन वाक्यांच्या मध्ये फटी दिसायला लागल्या. दुसऱ्या आठवड्यात एका धड्यातला म्हातारा दात नसलेल्या तोंडाने पुटपुटला, आणि तो काय म्हणाला ते तिला सहज कळलं. तिला रडूच आलं. तिने ते प्रबोधला सांगितलं. त्याने दोन्ही अंगठे वर केले आणि तोंडावर बोट ठेवून बाहेर गेला.

पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटलं ते भाजीवालीमुळे. खिडकीखालून ती रोजच्यासारखी ओरडत गेली. आवाज ओळखीचा होता, चालही तीच, पण ती काय विकतेय ते सुकेशिनीला समजलं नाही. दमलेय मी, असं तिने स्वतःला सांगितलं. मग एका संध्याकाळी जेवताना प्रबोध तिच्याकडे बघून काहीतरी बोलला. नळ सुटावा तसा नुसता आवाज आला. त्यात कुठे शब्द सुरू होत नव्हता की संपत नव्हता.

तिच्या हातातला घास तसाच राहिला. प्रबोध वाट बघत होता. त्याची नजर आमटीच्या भांड्याकडे गेली, तिने ते भांडं त्याच्यापुढे सरकवलं. त्याने आमटी वाढून घेतली आणि जेवू लागला.

नंतर खोलीचं दार लावून तिने स्वतःला तपासलं. मराठी वाचता येत होतं, अक्षरं चोख कळत होती. बोलता येत होतं, मनात विचार चालले होते तेही मराठीतच. फोनवर बातम्या लावल्या तर बाई तोंड हलवत होती आणि गुरगुर बाहेर पडत होती. इंग्रजी लावलं, तेही गेलं होतं. जर्मन धडा लावला. तो आरशासारखा लख्ख होता. नर्स असल्याने तिला या आजाराचं नाव माहीत होतं. मेंदूला मार बसलेल्या एका रोग्याला तिने पाहिलं होतं, ऐकू सगळं यायचं, कळायचं काहीच नाही. तो सारखा भेदरून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

कुणाला सांगितलं तर पट्टी काढून घेतील, ही पहिली भीती. परीक्षा आठवड्यावर आली होती. पेपर झाला की आपोआप परत येईल, येईलच, असं तिने धरून ठेवलं. तोवर निभवायचं. आणि निभवायची विद्या तिच्याजवळ होती, परचुरे बाईंनीच दिलेली. समोरचा काय बोलण्याची शक्यता आहे ते आधी ठरवायचं. सूर पकडायचा, चेहरा पकडायचा, मधलं अंदाजाने भरायचं. सकाळी आत्या दारात आली की प्रश्न चहाचा. प्रबोध डबा हातात घेऊन बोलला की निघतो म्हणतोय. "हो", "चालेल", "बघू नंतर", एवढ्यावर दिवस निघत होते. ज्या घरात कुणी बोलतच नाही, तिथे पकडलं जाण्याची भीतीही कमीच. जर्मनसाठी शिकलेल्या युक्त्या ती आपल्याच घरात आपल्याच भाषेवर चालवत होती, आणि रोज त्या थोड्या जास्त लागत होत्या.

एका दुपारी फोन वाजला. आईचा होता.

घेऊ नये असं तिला वाटलं. फोनवर चेहरा नसतो. बोलणं अक्षरांत उमटवायची सोय फोनमध्ये होती, पण आईची माणदेशी बोली त्या फोनला जन्मात धड उमगली नव्हती, निम्मं भलतंच लिहायचा. तरी आईचा फोन कसा टाळणार? तिने घेतला.

आवाज आईचाच, त्यात शंका नाही. पण आत शब्द नव्हते. तो आवाज सावकाश चढत-उतरत होता, मध्ये थांबत होता. सुकेशिनीने बाईंची युक्ती लावली. आई कशाबद्दल बोलेल? गुडघे. ऊन. परीक्षेला आशीर्वाद. सूर शांत होता. शेवटी आवाज वर जाऊन थांबला, म्हणजे प्रश्न होता. आई नेहमी विचारते तेच असणार.

"काही नाही होत, आई," ती म्हणाली. "दुपारची पडून राहा जरा. परीक्षा झाली की येतेच."

पलीकडून दोन-चार आवाज आले, समाधानाचे वाटले. फोन बंद झाला.

सुटले, म्हणून तिने पुन्हा धडा लावला. पण मन लागेना. आईला फोन करू नको म्हणून सांगितलं होतं, आणि आई सांगितलेलं मोडणाऱ्यातली नव्हती. मग आज का केला? ज्या घरात एक नर्स असते ते घर म्हणजे अख्ख्या भावकीचा दवाखाना. गावाकडे कुणाला ताप आला तरी आधी सुकेशिनीला फोन, मग डॉक्टर. आई तर तिला विचारल्याशिवाय सर्दीची गोळीसुद्धा घेत नसे. आणि ती मध्ये थांबत होती ती का? सूर शांत होता की दम लागला होता? उगीच काहीतरी डोक्यात घेऊ नकोस, असं म्हणत तिने धडा शेवटपर्यंत ऐकला. मग आणखी एक ऐकला. दुसऱ्या धड्यात एक बाई औषधाच्या दुकानात जाऊन छातीत जळजळतंय म्हणून सांगत होती. ते ऐकताना सुकेशिनी उठून उभी राहिली.

आत्या मागच्या खोलीत, आवाज होऊ नये म्हणून सतरंजीवर पसरलेली डाळ निवडत होती. सुकेशिनीने आईला फोन लावून तो तिच्या हातात दिला. "आत्या, माझ्या आईला विचारा, काय होतंय. आत्ताच्या आत्ता."

आत्या बोलली, ऐकलं, पुन्हा बोलली. सुकेशिनी तिच्या तोंडाकडे बघत होती. आत्याच्या भुवया जवळ आल्या, मग तोंड उघडं राहिलं. तिने वळून सुकेशिनीला भराभर काहीतरी सांगितलं. एक अक्षर कळलं नाही.

"आत्या, मला तुमचं बोलणं कळत नाही," सुकेशिनी म्हणाली. "कुणाचंच कळत नाही. किती दिवस झाले. हातांनी दाखवा."

आत्या धीराची बाई. तिने हात आपल्या जबड्यावर ठेवला. मग पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये. मग पदराने कपाळावरचा नसलेला घाम पुसला, आणि ढेकर येत नसल्यासारखं तोंड केलं. सुकेशिनीला यापुढे भाषेची गरज नव्हती. असे रोगी तिने वॉर्डात रोज पाहिले होते. बायकांच्या छातीत कळ येतच नाही कधी कधी, त्या पित्त म्हणून बसून राहतात.

तिने फोन घेतला. "आई, बोलू नकोस, नुसतं ऐक. मागे मी रक्त पातळ होण्याची गोळी ठेवलीय, फडताळात, निळ्या डबीत. ती चावून खा. मग दाराची कडी काढ आणि शेवंताकाकूला हाक मार. चालू नकोस. भिंतीला टेकून बस." पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. पावलं घासत गेली. कडी वाजली. ते सगळे आवाज तिला कळत होते, फक्त आई कळत नव्हती. ती बोलतच राहिली, ऐकणारं कुणी आहे की नाही हे न कळता. आत्याने आपल्या फोनवरून प्रबोधला आणि कुणाकुणाला बोलावलं, रुग्णवाहिका निघाल्याचं तिने हातानेच सांगितलं.

आईला मिरजेला आणलं. जगली. पण रिपोर्ट वाचायला नर्सला कान लागत नाहीत. रक्तवाहिनी फार वेळ बंद राहिली होती. हृदयाचा बराचसा भाग आता हलत नव्हता, आणि तो पुन्हा हलणार नव्हता. सकाळपासून दुखत होतं, तेव्हाच निघाली असती तर निराळं झालं असतं. निदान पहिल्या फोनला निघाली असती तर. कुणी तिला हे म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी तिला कळलं नसतं.

परचुरे बाई इस्पितळाच्या आवारात आल्या, आणि सगळं फोनवर लिहून दाखवायला लागल्या. "मी गप्पा मारायला सांगितलं होतं गं. घरी कुणीच बोललं नाही?" मग पुढे लिहिलं, "दारं अजून आठवडाभर उघडी असतील. नंतर लागतील. पट्टी लावून फक्त मराठी ऐक. जुनी खोली आत शाबूत असते असं म्हणतात, परत येईल. पण जर्मन जाईल. दोन्ही राहणार नाहीत. आणि त्यानंतर पट्टी पुन्हा कधी लावता येणार नाही."

परीक्षा गुरुवारी होती. प्रबोधने लिहिलं, "तू ठरव. मी काहीच बोलणार नाही."

सुकेशिनीला एकदम संताप आला. "बोला," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते, काहीही बोला, भांडा माझ्याशी. पण आता गप्प बसू नका."

पण एक रात्र तीही डळमळली, हे लपवण्यात अर्थ नाही. जर्मन तिने घाम गाळून मिळवलं होतं, आणि मराठी परत येईलच याची हमी कुणी देत नव्हतं. दोन्ही गेलं तर? वॉर्डातला तो भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस डोळ्यांपुढून हलेना. सकाळी ती आईच्या खोलीत गेली. आई काहीतरी म्हणाली आणि उत्तराची वाट बघत राहिली. सुकेशिनीने पट्टी कानामागे लावली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

मग सगळे बोलायला लागले. महिनाभर मुक्या राहिलेल्या माणसांना आधी बोलायलाच सुचेना. प्रबोध पेपरातल्या जाहिराती वाचून दाखवू लागला. आत्याने सगळ्या नातलगांची लग्नं पहिल्यापासून सांगायला घेतली. आईला सांगितलं होतं की लेकीचे कान आजारी आहेत, बोललीस की बरे होतील. ती दम लागला की थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. सुकेशिनीने बाईंच्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेवल्या. चेहरा बघायचा नाही, सूर धरायचा नाही, अंदाज करायचा नाही. डोळे मिटून ती नुसती ऐकत बसायची.

गुरुवार आला आणि गेला. शुक्रवारी तिने कुतूहलाने जर्मन धडा लावला, त्यावर साय धरल्यासारखी झाली होती. रविवारी तो नुसता आवाज उरला. आणि मराठीही तसाच आवाज होता. त्या दिवशी तिला इतकी भीती वाटली की ती जिन्यात जाऊन, तोंडात पदर कोंबून रडली.

सोमवारी आत्याच्या बोलण्यातून "पाणी" बाहेर आलं, आख्खं. मग "मंग", मग "पोरगी". दुपारी तर फटाफट सुटायला लागलं. आत्या प्रबोधला घेऊन खाली जेवायला गेली. सुकेशिनी पलंगाजवळ नवा रिपोर्ट चाळत बसली होती. हृदय आणखी थकलं होतं. शेवटच्या ओळीत डॉक्टरांनी जे लिहिलं होतं त्याचा अर्थ, आता फार दिवस नाहीत.

"सुके," आई म्हणाली. "खरं सांग. म्या वाचंन का?"

प्रत्येक शब्द कळला. आवाज आणि अर्थ एकत्र, पूर्वीसारखा. सुकेशिनीने मान वर केली. आई तिच्याकडे तशीच बघत होती जशी गावातली सगळी माणसं तिच्याकडे बघायची, हिला विचारलं की झालं. आता अंदाज करायची गरज नव्हती. उत्तर तिच्या मांडीवर होतं.

तिने कानाला हात लावला आणि मान हलवली. "अजून कळत नाही गं, आई."

आईने सुस्कारा सोडला. मग तिचा चेहरा सैल झाला, आणि तिने लेकीचा हात धरला.

"बरंच हाय," ती म्हणाली. "तुला कळंना म्हून बोलते. त्या दिशी लई दुखत हुतं. तू म्हणालीस पडून ऱ्हा, म्हून पडले. माझ्या लेकीला ठावं असतंय म्हणलं. ह्ये तुला कुणी सांगू नये, म्या इहिणीला शपथ घातलीय." ती दम घ्यायला थांबली. "मला लई भ्या वाटतंय गं, सुके. रातच्याला डोळं मिटायला भ्या वाटतंय. तुझ्यासमोर कदी म्हणले न्हाई."

सुकेशिनीने चेहरा हलू दिला नाही. काहीच न कळणाऱ्या माणसासारखी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि आई आणखी बोलत होती.